फोन कोणाचा चांगला? कंपनीवरचे प्रेम आणि घरची गरज



पालक सभेत अभ्यास, हजेरी, फी हे विषय आटोपले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा (आता मुलगीसुद्धा) आयफोनच पाहिजे म्हणून अडून बसला आहे, काय करावे? मधल्या सुट्टीत मैदानावरही हाच वाद चालू असतो. अँड्रॉइडवाले एकीकडे, आयफोनवाले दुसरीकडे. गंमत म्हणजे आयफोनच्या बाजूने हिरिरीने भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी आयफोन नसतोच! पांढुर्ण्याच्या गोटमारीत नदीच्या कोणत्या काठावर घर आहे यावर बाजू ठरते, तसेच काहीसे हे झाले आहे. गोटमारीत माणसे जखमी होतात, म्हणून तुलना इथेच थांबवतो. पण फोनच्या या वादात पालकांच्या खिशाला जखम होते, आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे तो मुलगा वर्गात उगाच खजील होतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. स्मार्टफोन म्हणजे खिशात मावणारा संगणकच. तो चालवणारी जी मूळ व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आज जगात अशा दोनच मोठ्या व्यवस्था उरल्या आहेत. ॲपल कंपनीची आयओएस फक्त ॲपलच्याच आयफोनमध्ये मिळते. गूगलची अँड्रॉइड मात्र सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, मोटोरोला अशा अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये असते. पहिला आयफोन २००७ साली आला व भारतात आयफोन ऑगस्ट २००८ मध्ये विक्रीस आला. अँड्रॉइडचा पहिला फोनही २००८ चाच. आज भारतात शंभरातल्या नव्वदांहून अधिक स्मार्टफोनमध्ये अँड्रॉइड आहे.

आपल्या भागातील शेतकरी पालकांना हे कपाशीच्या बियाण्यावरून चटकन कळेल. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पुढे बाजारात कितीतरी कंपन्यांची पाकिटे आली. कोणी एका कंपनीचे पाकीट सोडून दुसऱ्याला हात लावत नसे. वाण निरनिराळे होते हे खरे, पण बोंडअळीसाठी घातलेले जनुक बहुतेक पाकिटांत महिको-मोन्सँटोकडून परवान्याने घेतलेले, एकच होते. अँड्रॉइड फोनचेही असेच आहे. वरचे पाकीट, कॅमेरा, बॅटरी, किंमत वेगवेगळी असते, आतली व्यवस्था एक असते. त्यामुळे 'मी अमक्याच कंपनीचा अँड्रॉइड घेणार' हा हट्ट वाणाच्या निवडीइतकाच समजावा. आयफोनचे मात्र बियाणे, शेत आणि मंडी सगळे एकाच मालकाचे आहे. तिथे सोय खूप आहे, पण बाहेर पडायचे फाटक अरुंद आहे.

आता 'ब्रँड'वरच्या निष्ठेकडे वळू. ही निष्ठा नेहमीच वेडेपणाची असते असे आम्ही म्हणणार नाही. २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला. त्याला टॉर्च होती, कळांवर धूळ आत जाऊ नये असे आवरण होते, आणि तो हातातून पडला तरी सहसा बिघडत नसे. खेड्यापाड्यांत, जिथे वीज कधी येईल याचा नेम नव्हता, तिथे हा फोन लोकांना मनापासून आवडला. जगभर असे २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले. २००८ च्या सुमारास जगात खपणाऱ्या दर दहा मोबाइलपैकी साधारण चार नोकियाचे असत. कंपनीने चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये मोठा कारखाना सुरू केला. शेजाऱ्याचा पिन-चार्जर आपल्या फोनला चालतो, दुरुस्ती कोणत्याही बाजाराच्या गावी होते, जुना फोन विकला तरी दोन पैसे येतात, अशी ती निष्ठा अनुभवातून मिळवलेली होती. आमच्या मते अशी निष्ठा ठेवण्यात काहीच गैर नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. बोटाच्या स्पर्शाने चालणारे फोन आले आणि नोकियाची सिम्बियन ही व्यवस्था मागे पडली. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने ती सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही व्यवस्था धरली. २०१३ मध्ये मोबाइलचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरले आणि एप्रिल २०१४ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये श्रीपेरुंबुदूरचे उत्पादन थांबले. पुढे मायक्रोसॉफ्टनेही फोनचा नाद सोडला. व्हॉट्सॲप सिम्बियनवर २०१७ मध्ये आणि विंडोज फोनवर २०१९ च्या अखेरीस बंद झाले. ज्यांनी नोकिया म्हणून डोळे झाकून विंडोजचा फोन घेतला, त्यांच्या हाती चांगले यंत्र राहिले, पण त्यावर बँकेचे ॲप चालेना आणि मुलांचा निरोपही येईना. साहेबलोकांच्या ब्लॅकबेरीची गतही वेगळी झाली नाही. त्या कंपनीच्या जुन्या फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. म्हणजे ग्राहक कंपनीशी एकनिष्ठ राहिला तरी कंपनी ज्या व्यवस्थेवर उभी आहे ती व्यवस्थाच निघून जाऊ शकते. फोन घेताना नावाआधी व्यवस्था पाहावी असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

निष्ठेचा दुसरा प्रकार आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक आहे. पुण्याच्या बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आली. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे, तेव्हा कुठे ती दारात यायची. घरोघरी तिचे कौतुक असे. स्कूटर चांगली होती यात शंका नाही, पण सरकारी परवान्यांच्या त्या काळात दुसरी मिळत तरी कुठे होती? पुढे मोटारसायकली मुबलक झाल्या आणि तेच ग्राहक तिकडे वळले. डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. (चेतक हे नाव २०१९ मध्ये विजेवर चालणारी स्कूटर म्हणून परत आले, ही गोष्ट वेगळी.)

आजची फोनवरची निष्ठा या दोन्हींहून निराळी आहे, आणि मुलांनी नेमकी हीच समजून घ्यायला हवी. पर्याय समोर असतात, दुकाने भरलेली असतात, तरी माणूस हलत नाही. कारण हलायला खर्च येतो. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपची साठवण गूगलच्या खात्यात होते, आयफोनवरची ॲपलच्या आयक्लाउडमध्ये. एकाची साठवण दुसऱ्याला थेट वाचता येत नाही. गप्पा एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत नेण्याची सोय २०२१-२२ मध्ये टप्प्याटप्प्याने झाली, तीसुद्धा नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच केलेली बरी. एकीकडे पैसे भरून घेतलेले ॲप दुसरीकडे सहसा पुन्हा विकत घ्यावे लागते. गूगल फुकट जागा १५ जीबी देते, ॲपल ५ जीबी. ती भरली की महिन्याचे पैसे सुरू. आयफोनची चार्जिंगची वायरसुद्धा सप्टेंबर २०२३ पर्यंत वेगळी होती. युरोपीय संघाने सर्वांना एकच जोडणी सक्तीची करणारा कायदा केला, तेव्हा कुठे आयफोन १५ ला इतरांसारखी टाइप-सी जोडणी आली. 'मला हाच फोन आवडतो' असे म्हणणाऱ्याने एकदा स्वतःला विचारावे, की आवडतो म्हणून राहतो आहे, की निघायचा कंटाळा आहे म्हणून?

यावरून अँड्रॉइडवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. अँड्रॉइड फोन-कंपन्यांना फुकट मिळते म्हणून गूगल धर्मादाय संस्था ठरत नाही. फोनसोबत आपलीच ॲप लादल्याबद्दल व बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला. दोघेही व्यापारीच आहेत.

आपल्यासारख्या घरांना एक कसोटी अधिक आहे, तिचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. ती म्हणजे मराठी. आपण मध्य प्रदेशात राहतो, शाळेत व कचेरीत हिंदी, घरात मराठी. फोनवर हिंदीचाच कळफलक ठेवला की 'ळ' शोधावा लागतो, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला 'ऱ्य' तर सहज सापडत नाही. मुले 'दुसर्या' लिहून मोकळी होतात. ही चूक मग वहीतही उतरते. अँड्रॉइडमध्ये फोनची सगळी भाषा मराठी करण्याची सोय २०१४ सालच्या ५.० आवृत्तीपासून आहे. आयफोनवर मराठी कळफलकही २०१४ मध्येच आला, पण फोनची सर्व सूचनांची भाषा मराठी करता येऊ लागली ती मार्च २०२५ मध्ये आलेल्या आयओएस १८.४ पासून. म्हणजे या बाबतीत दोन्ही पक्ष आता बरोबरीला आले आहेत. आजीला फोन शिकवताना भाषा मराठी करून द्या, बघा ती किती लवकर शिकते! मुलांनी मात्र कोणताही फोन असो, मराठीचा कळफलक हिंदीपासून वेगळा जोडून घ्यावा. सेटिंगमध्ये दोन मिनिटांचे काम आहे.

आता पैशाचे बोलू. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ ची भारतातील सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. म्हणजे दहा क्विंटलांहून थोडा अधिक कापूस, आणि कोरडवाहू जमिनीत एवढा कापूस एका एकरात पिकत नाही. हप्त्याने घेतला तरी कापूस तेवढाच लागतो.

मग महाग फोन घेणारे सगळे मूर्ख का? तसे नाही. फोनला सुरक्षेची दुरुस्ती, म्हणजे अपडेट, किती वर्षे मिळणार यावर त्याचे खरे आयुष्य ठरते. आयफोनला ती बरीच वर्षे मिळत आली आहे. गूगलने पिक्सेल ८ साठी २०२३ मध्ये व सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी जानेवारी २०२४ मध्ये सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त फोनमध्ये हा काळ बऱ्याचदा खूपच कमी असतो, आणि ज्या फोनवरून आपण बँकेचे व्यवहार करतो त्याला अपडेट मिळत नसेल तर ते दाराला कडी नसल्यासारखेच. तेव्हा किमतीला वर्षांनी भागून पाहावे. बारा हजारांचा फोन तीन वर्षे चालला तर वर्षाला चार हजार पडले. ऐंशी हजारांचा सात वर्षे चालला तरी वर्षाला अकरा हजारांवर गेले, आणि तो सात वर्षे हातातून न पडता राहील ही खात्री शाळकरी मुलाच्या बाबतीत कोणी द्यावी! हा हिशेब आठवीपासूनच्या मुलांनी घरी स्वतः मांडून वडिलांना दाखवावा. काच फुटली तर ती कुठे बदलून मिळते, सौंसरला की नागपूरला जावे लागते, हेही त्यात लिहावे.

जुना फोन घेणार असाल तर बिल मागाच. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. बिलावरचा व हा जुळला पाहिजे. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या सेवेवर तो क्रमांक घालून फोन चोरीचा म्हणून रोखलेला तर नाही ना, हे कळते. विकणाऱ्याने आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यातून फोन मोकळा केला आहे का, हे त्याच्यासमोरच तपासावे. नाहीतर फोन आपला आणि कुलूप त्याचे, अशी स्थिती होते. दुकानदाराशी तंटा झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विश्वस्त मंडळींपुढेही एक सूचना ठेवतो. एखाद्याच प्रकारच्या फोनवर चालणारे ॲप शाळेने पालकांवर घालू नये. आणि जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतो. एका फॉन्टला बांधून घेणे हीसुद्धा कंपनीला बांधून घेण्याचीच जात आहे. शाळेच्या सूचना, वेळापत्रके व निकालपत्रके यापुढे युनिकोडमध्येच टंकित व्हावीत आणि पाठवण्यापूर्वी एका अँड्रॉइडवर व एका आयफोनवर उघडून पाहावीत. जुन्या वार्तापत्रांच्या फाइली युनिकोडमध्ये बदलण्याचे काम नववी-दहावीचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत करू शकतील. ज्यांची तयारी असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत.