तोटी पुन्हा काउंटरमागे

रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेलं की खुर्च्या टेबलांवर उलट्या चढतात आणि कुणीतरी एक जण सोड्याच्या यंत्रापुढे येऊन उभा राहतो. बहुधा कॉलेजात जाणारा एखादा पोरगा. समोर एका ओळीत सहा-आठ तोट्या. कोक, डाएट कोक, स्प्राइट, रूट बिअर. प्रत्येक तोटी तो पिळून काढतो. तिच्या पोटातून आणखी एक प्लॅस्टिकचा बारका तुकडा निघतो. सिरप आणि पाण्याची पहिली भेट तिथे होते. सगळे तुकडे जंतुनाशकाच्या पाण्यात भिजत पडतात. मग खालची जाळी उचलायची. जाळीखाली दिवसभर सांडलेल्या सोड्याचा असा चिकट थर बसलेला असतो की फडकंच त्याला चिकटून राहतं. शेवटी एक जग भरून गरम पाणी जाळीखालच्या मोरीत ओतायचं. हे चुकवलं तर साखरेने नळी तुंबते आणि दुसऱ्या दिवशी ऐन दुपारच्या गर्दीत पाणी उलटं वर येतं. नाही तुंबली, तरी बारीक माश्या होतातच. सकाळी तोट्या पुन्हा जागच्या जागी, बर्फाची बादली उचलून वरचा हौद भरायचा, झाकणं मापाप्रमाणे रचायची, स्ट्रॉ भरायचे. पहिलं गिऱ्हाईक ग्लास घेऊन येतं तेव्हा या सगळ्याचा मागमूस नसतो. ग्लास कडेने दाबला की बर्फ, आणखी एकदा दाबला की कोक.

अमेरिकेतल्या बर्गरच्या दुकानांत बसायच्या जागेतलं हे यंत्र आता मोजके दिवस काढतंय. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅकडोनाल्ड्सने मान्य केलं की अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या दुकानांतून गिऱ्हाइकांनी स्वतः भरून घ्यायची ही यंत्रं २०३२ पर्यंत टप्प्याटप्प्याने काढली जातील. बातमीला तोंड फुटलं ते इलिनॉय राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डमध्ये, तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रातून. त्या भागातल्या काही दुकानांनी यंत्रं आधीच हलवली होती. कंपनीने कारण दिलं ते असं: गिऱ्हाईक गाडीतून येवो, ॲपवरून मागवो की आत येऊन बसो, सगळ्यांना अनुभव एकसारखा मिळावा. वाक्य गुळगुळीत आहे. पण त्यात एक खरी गोष्ट दडली आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

पुण्या-मुंबईहून एम.एस. करायला गेलेल्या मुलांच्या पहिल्या महिन्याच्या आठवणींत हे यंत्र हमखास असतं. एकदा ग्लासाचे पैसे दिले की हवं तितक्यांदा भरून घ्या, हे कानांनी ऐकून पटत नाही. कुणीतरी भरताना पाहावं लागतं. मग बर्फाचं गणित लक्षात येतं. अमेरिकन माणूस आधी निम्मा ग्लास बर्फाने भरतो, देशी विद्यार्थी ‘नो आइस’. फुकटच्या रिफिलमध्ये बर्फ टाळून काही वाचत नाही, पण सवय ती सवय. पुढे आई-बाबा भेटीला येतात, तेव्हा तोच मुलगा अनुभवी माणसाच्या थाटात सांगतो, ‘बाबा, जा, भरून घ्या परत.’ आणि बाबा काउंटरकडे एक नजर टाकून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून मगच उठतात.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सोडा पबमध्येही तोट्यांची अशीच रांग असते. जिरा मसाला, काला खट्टा, लिंबू, ऑरेंज. आतलं तत्त्वही तेच: थंड वायुमिश्रित पाणी आणि सिरप. फक्त दांडा सोडावाल्याच्या हातात. तो आपल्या हातात द्यावा, असं त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

अमेरिकेत तो गिऱ्हाइकाच्या हाती गेला कसा, हे समजायला मागच्या खोलीत जावं लागतं.

तिथे लोखंडी मांडणीवर पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात. प्रत्येकात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सिरप. या धंद्यात त्याला ‘बॅग-इन-बॉक्स’ म्हणतात. नेहमीचं खोकं पाच गॅलनचं, म्हणजे सुमारे १९ लिटरचं, आणि वजनाला वीस किलोंहून जड. पिशवीच्या तोंडाला नळी जोडली की वायूच्या दाबावर चालणारा छोटा पंप सिरप ओढू लागतो. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि कार्बोनेटर नावाची दाबाची टाकी. तिच्यात गाळलेल्या पाण्यात वायू मुरवला जातो. मग सिरपच्या आणि पाण्याच्या सगळ्या नळ्या एका जाड, गारवा धरून ठेवणाऱ्या वेष्टणात गुंडाळून भिंतीतून किंवा छतावरून यंत्रापर्यंत नेतात. या जाड दोराला कारागीर ‘पायथन’ म्हणतात. एकदा तो पाहिला की अजगराखेरीज दुसरं नाव सुचत नाही.

सिरप आणि पाणी या सगळ्या प्रवासात वेगळंच राहतं. एक भाग सिरप, पाच भाग पाणी, आणि मिलाफ थेट तोटीत, ग्लासाच्या वर चार बोटं. म्हणजे १९ लिटरच्या एका खोक्यातून सुमारे ११३ लिटर पेय निघतं. हे प्रमाण ढळलं तर चव ढळते, म्हणून दुरुस्तीला येणारा माणूस खुणा असलेल्या कप्प्यांच्या पेल्यात सिरप आणि पाणी वेगवेगळं पाडून मोजतो आणि स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवतो. पिशवी संपली की तोटीतून फिकट, बेचव, नुसता फसफसता सोडा येतो. अशा वेळी गिऱ्हाइकाचा चेहरा आधी कळतो, पंपाचा बदललेला आवाज नंतर. मॅकडोनाल्ड्सची गोष्ट थोडी निराळी. १९५५ पासून कोका-कोलाशी नातं असलेल्या या कंपनीकडे कोकचं सिरप पिशव्यांतून नाही, स्टीलच्या टाक्यांतून येतं. तिथला कोक जास्त चांगला लागतो असं मानणारा मोठा पंथ अमेरिकेत आहे. कंपनीही सिरप आणि पाणी आधीच थंड केलेलं असतं, स्ट्रॉ किंचित रुंद असतो, असं कौतुकाने सांगते.

मुळात अमेरिकेतही सोडा स्वतः भरून घ्यायची गोष्ट नव्हती. १८८६ मध्ये अटलांटात जॉन पेम्बर्टनचं कोका-कोला पहिल्यांदा विकलं गेलं ते जेकब्ज फार्मसी या औषधाच्या दुकानात, पाच सेंटला एक ग्लास. तेव्हा आणि पुढची कित्येक दशकं औषधाच्या दुकानातलं सोडा फाउंटन म्हणजे संगमरवरी काउंटर, उंच स्टुलं आणि पलीकडे पांढऱ्या टोपीतला तरुण. सिरप टाकून तो दांडा झटक्यात ओढायचा. त्या झटक्यावरूनच त्याला ‘सोडा जर्क’ हे नाव पडलं. दारूबंदीच्या काळात या काउंटरांना भलतेच बरे दिवस आले. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कोका-कोलाने आपोआप मिश्रण करणारं यंत्र मांडलं. सिरप किती आणि पाणी किती, हे आता त्या तरुणाच्या हाताला ठरवावं लागणार नव्हतं. खरं तर त्याच दिवशी दांडा कुणीही ओढला तरी चालेल अशी सोय झाली. गिऱ्हाइकाने ओढायला मात्र आणखी काही दशकं जावी लागली.

ऐंशीच्या दशकात साखळी दुकानांनी हिशेब मांडला. काउंटरवरच्या मुलीचे निम्मे हेलपाटे ग्लास भरण्यात जातात. सोडा फेसाळतो, थांबावं लागतं, पुन्हा भरावं लागतं, तोवर मागे रांग. यंत्र उलट्या बाजूला फिरवलं की हे सारं काम गिऱ्हाइकाकडे जातं, आणि ते करायला तो आनंदाने तयार असतो. टॅको बेलने त्या दशकाच्या अखेरीस फुकट रिफिलचा धडाका लावला; पाठोपाठ इतर आले. रिफिलमध्ये दुकानाचं जातं ते थोडं सिरप. ग्लास, झाकण, स्ट्रॉ तर एकदाच द्यायचे. औदार्य दिसायला मोठं, खर्चाला लहान. पोरांना तर खेळणंच मिळालं. सगळ्या तोट्यांखालून ग्लास फिरवून केलेल्या मिश्रणाला ती ‘ग्रेव्हयार्ड’ म्हणतात. दफनभूमी. रंगही तसाच येतो.

ग्लासही फुगत गेला. सेव्हन-इलेव्हनने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात आजमावलेला आणि १९८० मध्ये देशभर नेलेला ‘बिग गल्प’ ३२ औंसांचा, म्हणजे जवळपास एक लिटरचा होता. न्यूयॉर्कचे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी २०१२ मध्ये साखरेच्या पेयांना १६ औंसांची मर्यादा घालायचं ठरवलं. मार्च २०१३ मध्ये नियम लागू व्हायच्या आदल्या दिवशी न्यायालयाने तो अडवला आणि जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही शहर हरलं. फ्रान्सने जानेवारी २०१७ पासून साखरेच्या पेयांच्या फुकट रिफिलवर सरळ बंदी आणली. अमेरिकेत असा कायदा झाला नाही. तिथे यंत्र हटतंय ते आरोग्य खात्याच्या धाकाने नव्हे.

मग कशाने? स्वच्छतेचं नाव पुढे केलं जातं. व्हर्जिनियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३० सोडा यंत्रांतून ९० पेयं तपासली, त्यांतल्या ४८ टक्के पेयांत कोलिफॉर्म जंतू आढळले. आकडा वाचून ग्लास खाली ठेवावासा वाटतो. पण त्या ३० यंत्रांपैकी १० काउंटरमागची, कर्मचाऱ्यांनी चालवायची होती. जंतू तोटीच्या आत वाढतात. दांडा कुणी दाबला याची ते चौकशी करत नाहीत. चोरीचंही कारण सांगतात: पाण्यासाठी फुकट ग्लास मागायचा आणि त्यात स्प्राइट भरायचा, दिसायला दोन्ही सारखंच. हे होतं, सर्रास होतं, पण तीस वर्षं होत आलंय आणि दुकानांनी ते पचवलंय.

मार्च २०२० मध्ये कोविडने बसायच्या जागा बंद पाडल्या आणि यंत्रांवर प्लॅस्टिकचं आच्छादन चढलं. पुढे दारं उघडली, पण माणसं पूर्वीसारखी आत आली नाहीत. मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतल्या सुमारे ९५ टक्के दुकानांना ड्राइव्ह-थ्रू आहे. तिथल्या गिऱ्हाइकाचा ग्लास कर्मचाऱ्यालाच भरावा लागतो. घरपोच मागवणाऱ्याचाही, ॲपवरून मागवून गाडीत बसून राहणाऱ्याचाही. मिनेसोटात ब्रुकलिन पार्क इथे टॅको बेलच्या एका दुकानाने २०२२ मध्ये चार ड्राइव्ह-थ्रू मार्गिकांवर वरचा मजला चढवला. जेवण लिफ्टने खाली उतरतं. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळ्यांतल्या कामगारांना ताशी किमान २० डॉलर द्यावे लागतात. एरवी अशा काळात गिऱ्हाइकाचे फुकटचे हात कुणी सोडले नसते. पण ते हात आता स्टीअरिंगवर आहेत. काउंटरमागे एक यंत्र हवंच आहे, तर चार-सहा टेबलांसाठी बाहेर दुसरं कशाला पुसायचं? ‘एकसारखा अनुभव’ या शब्दांत दडलेली खरी गोष्ट ती हीच.

काउंटरमागचं यंत्रही आता दांड्याचं राहिलेलं नाही. ऑर्डर नोंदली गेली की ती तिथे पोचते. ग्लास सुटून खाली येतो, मापाचा बर्फ पडतो, ग्लास सरकतो, तोटीखाली थांबतो, भरतो, पुढे सरकतो. कर्मचाऱ्याने झाकण दाबायचं. पांढऱ्या टोपीतल्या तरुणाच्या हातातली शेवटची कसबी हालचालही यात गेली.

याला आडवी जाणारी उदाहरणंही आहेत, आणि तीच जास्त गमतीची. कोका-कोलाने २००९ मध्ये ‘फ्रीस्टाइल’ हे पडद्यावर बोट ठेवून चालवायचं यंत्र आणलं. आकार इटलीच्या पिनिनफरिना या मोटारींच्या रचनाकारांचा. अर्काचे थेंब मोजण्याचं तंत्र औषधांचे सूक्ष्म डोस देणाऱ्या उपकरणांकडून घेतलेलं. खोक्यांऐवजी प्रिंटरच्या शाईसारखी काडतुसं आणि शंभरावर पेयं. वर कुणी काय प्यायलं याची नोंद कंपनीकडे. लोक स्प्राइटमध्ये चेरी मिसळतात हे या नोंदींतूनच कळलं, आणि २०१७ मध्ये चेरी स्प्राइट बाटलीत आलं. पोरांच्या ग्रेव्हयार्डची किंमत कुणीतरी ओळखली होती. कॉस्टकोमध्ये १९८५ पासून दीड डॉलरच असलेल्या हॉट डॉगबरोबर रिफिलचा ग्लास आजही मिळतो. तिथे माणसं गाडा ढकलत आत येतात, म्हणून यंत्रालाही काम आहे. आणि युटामध्ये २०१० पासून ‘स्विग’ ही साखळी सोड्यात क्रीम आणि सिरपं घालून ‘डर्टी सोडा’ विकते आहे. गाड्यांच्या रांगा लागतात, मिश्रण मात्र खिडकीपलीकडची मुलगी करते. म्हणजे सोड्याची आवड ओसरलेली नाही.

ज्या दुकानांतून यंत्र हललंय तिथे रिफिल संपलीच असं नाही. काही ठिकाणी काउंटरवर रिकामा ग्लास नेऊन दिला की भरून देतात. फक्त मागावी लागते. समोर घरपोच ऑर्डरींच्या पिशव्यांची रांग, पलीकडे कानाला हेडसेट लावून ड्राइव्ह-थ्रूशी बोलणारी मुलगी, आणि मध्ये ग्लास हातात धरून तिची नजर आपल्याकडे वळण्याची वाट बघणारा एखादा म्हातारा. दुसऱ्यांदा मागायला तो बहुधा येत नाही.

रात्री खुर्च्या टेबलांवर उलट्या चढतात. पोरगा काउंटरमागे जातो, एकेक तोटी पिळून काढतो, जंतुनाशकाच्या पाण्यात टाकतो, आणि गरम पाण्याचा जग भरायला घेतो.