सुदृढ कोकरांचा काळ : आंत्रविषार

पहिल्या पावसानंतर माळराने हिरवी होतात आणि मेंढपाळांच्या वाड्यांवर एक चमत्कारिक प्रकार घडू लागतो. रोडकी कोकरे तगतात. आईचे सगळे दूध एकट्याने पिऊन गुबगुबीत झालेले कोकरू मात्र सकाळी मरून पडलेले आढळते. एखादे जिवंत सापडलेच, तर मान पाठीकडे ताणून ते पाय झाडीत असते, दात खात असते. पान लागले किंवा कोणी करणी केली, असा समज मग सहज पसरतो.

वस्तुतः हा आंत्रविषार होय. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचा ‘ड’ प्रकार निरोगी मेंढीच्या आतड्यातही अल्प प्रमाणात असू शकतो. एकाएकी भरपूर दूध, कोवळा चारा अथवा काढणीनंतर शेतात राहिलेली कणसे पोटात गेली, की न पचलेले पिष्ट लहान आतड्यात उतरते. त्यावर जंतू झपाट्याने वाढून एप्सिलॉन नावाचे विष निर्माण करतात. ते रक्तात मिसळून मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करते, मेंदूला सूज येते आणि झटके सुरू होतात.

उपचाराविषयी स्पष्ट सांगितलेले बरे. झटके येऊ लागलेले कोकरू क्वचितच वाचते. प्रतिविष अगदी आरंभीच टोचले तर उपयोग होण्याची शक्यता असते. प्रतिजैविके मात्र रक्तात भिनलेले विष उतरवू शकत नाहीत. तरीही पशुवैद्यकास दाखविणे आवश्यकच, कारण धनुर्वात व ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव यांतही झटके येतात, आणि जीवनसत्त्वाच्या अभावावर वेळीच टोचलेले इंजेक्शन गुणकारी ठरते. उरलेला कळप लगेच कोरड्या चराईवर न्यावा, धान्य बंद करावे.

खरा भरवसा लसीवरच. पुण्याजवळ औंध येथील शासकीय संस्थेत ही लस तयार होते. प्रथम दोन मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने, पुढे दरवर्षी एक. गाभण मेंढीस विण्यापूर्वी सुमारे महिनाभर लस टोचल्यास चिकातून कोकराला संरक्षण मिळते. पण जन्मल्याबरोबर चीक पाजला तरच.

अडचण वेळापत्रकाची आहे. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले अनेक कळप पावसाच्या तोंडावर परततात, आणि लसीचा परिणाम दिसण्यास आठवडे लागतात. कोकरे मेल्यावर भरविलेले शिबिर त्या हंगामापुरते उशिराचेच. कोणता वाडा केव्हा परततो, हे ग्रामपंचायत सदस्यांना ठाऊक असते. ती यादी मे महिन्यापूर्वीच पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचली पाहिजे.