सुकाणू चक्राचे मध्यस्थितीतून ढळणे, मोटारगाडीच्या

मोटारगाडी सपाट रस्त्यावरून सरळ जात असताना सुकाणू चक्राचे म्हणजे स्टिअरिंगचे आरे दोन्ही बाजूंना सममित दिसावे लागतात. ते उजवीकडे वा डावीकडे कललेले राहत असतील, तर चक्र मध्यस्थितीतून ढळले आहे, असे म्हणतात. हा दोष वरवर किरकोळ वाटतो. परंतु पुष्कळदा तो चाकांची मांडणी बिघडल्याचे व कधीकधी एखादा भाग वाकल्याचे किंवा झिजल्याचे पहिले लक्षण असतो.

रचना व कार्य : पुढील चाके स्वतंत्र आखूड आसांवर वळविण्याची रचना म्यूनिक येथील गेओर्ख लांकेनश्पेर्गर यांनी १८१७ मध्ये घोडागाडीसाठी योजली व इंग्लंडमध्ये तिचे पेटंट रूडॉल्फ आकेरमान यांनी १८१८ मध्ये घेतले. हेच तत्त्व पुढे मोटारगाडीत आले. मारुती ८०० सारख्या लहान गाड्यांत चक्राच्या दांड्याला जोडलेले छोटे दंतचक्र एका दंतपट्टीला डावीउजवीकडे सरकविते व पट्टीच्या दोन टोकांचे जोडदंड (टाय रॉड) चाके वळवितात. आट्यांमुळे या दंडांची लांबी कमीजास्त करता येते. वरून पाहता दोन्ही चाकांच्या पुढील कडा मागील कडांपेक्षा किंचित जवळ असल्यास त्या स्थितीस टो-इन म्हणतात.

गाडी धावू लागली म्हणजे पुढील दोन्ही चाके टोचा कोन आपसांत सारखा वाटून घेतात. म्हणून एकाच दंडाची लांबी बदलल्यास टो बदलतो आणि चक्रही कलते. उलट एक दंड जितका लांबला तितकाच दुसरा आखूड झाला, तर टो कायम राहून केवळ चक्र कलते. निदानाची दिशा या भेदावरून ठरते.

निदान : प्रथम सर्व टायरांतील हवेचा दाब योग्य करून सपाट रस्त्यावर चाचणी घेतात. भारतात वाहने डावीकडून चालतात व रस्ता मध्यापासून कडेकडे उतरता असतो. त्यामुळे गाडी थोडी डावीकडे ओढली गेल्यास तो दोष समजत नाहीत. सपाट रस्त्यावरही ओढ राहिल्यास ब्रेक घासून एखादे चाक तापते का, हे पाहतात. पुढील टायरांची अदलाबदल केल्यावर ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरात असतो. ओढ नसून केवळ चक्र कललेले असेल, तर जोडदंडांची असमान लांबी, चक्र दांड्यावर चुकीच्या दात्यावर बसविणे किंवा मागील चाकांची तिरकी दिशा ही कारणे संभवतात. मागील आस सरकल्यास गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते व ती सरळ नेण्यासाठी पुढील चाके सतत किंचित वळलेली ठेवावी लागतात.

खड्ड्यात आदळल्यावर चक्र एकाएकी कलले असेल, तर दंड, सुकाणू भुजा व गोलक सांधे तपासल्याविना गाडी चालविणे धोक्याचे असते. सांधा निखळल्यास त्या चाकावरील नियंत्रण संपूर्ण नष्ट होते. असे भाग बदलावे लागतात. जुळवणीने दोष झाकला जातो, धोका टळत नाही.

दुरुस्ती : चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजतात, त्यांच्या निम्म्यावर आणतात व आरे सममित असल्याची खात्री करून तेथेच जखडतात. मागील चाके जुळवून झाल्यावर पुढील प्रत्येक चाकाचा टो स्वतंत्रपणे ठरवितात. टो योग्य असून फक्त चक्र कलले असल्यास दोन्ही दंड समान प्रमाणात, पण विरुद्ध अर्थी बदलतात. दंड आसाच्या मागे असताना चक्र उजवीकडे कलले असेल, तर उजवा दंड आखूड व डावा लांब करतात. दंड आसाच्या पुढे असल्यास याच्या उलट करतात. उदा., चक्राच्या एका फेऱ्यात दंतपट्टी ४५ मिमी. सरकत असेल, तर १२° कल म्हणजे १·५ मिमी. सरक होय. दंडाच्या दोन लगतच्या आट्यांतील अंतर १·५ मिमी. असल्यास प्रत्येक दंड एक पूर्ण फेरा फिरवावा लागेल. शेवटी कुलूप नट आवळून पुन्हा चाचणी घेतात.

चक्र काढून दुसऱ्या दात्यावर बसविणे सोपे असले, तरी ते पूर्वी चुकीचे बसविले गेले होते अशी खात्री असल्यासच योग्य ठरते. एरवी दंतपट्टी मध्यापासून ढळलेलीच राहते, दोन्ही बाजूंचे वळण असमान होते आणि दिशादर्शक दिवे आपोआप बंद होण्याची वेळ चुकते. हवापिशवी असलेल्या गाडीत बॅटरी तोडून निर्मात्याने सांगितलेला काळ थांबल्याशिवाय चक्राला हात लावू नये. चक्राचा कोन मोजणारा संवेदक असल्यास दुरुस्तीनंतर त्याचे शून्य पुन्हा ठरविणे आवश्यक असते.