विमानाचे भाडे कोणी ठरवावे? बिरसीच्या धावपट्टीवरून काही प्रश्न

गोंदिया शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर बिरसी गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 च्या सुमारास, इंग्रजांनी येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपले आणि पुढे कित्येक वर्षे तिचा फारसा उपयोग झाला नाही. 2005 च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, तिची लांबी वाढविण्यात आली आणि वैमानिक घडविणारी प्रशिक्षण संस्थाही येथे सुरू झाली. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला धानाच्या बांधीवरून छोटी विमाने दिसतात. देशाला वैमानिक पुरविणाऱ्या या जिल्ह्यातील माणसाला मात्र विमान पकडायचे असेल तर रेल्वेने किंवा गाडी करून नागपूर गाठावे लागत असे.

13 मार्च 2022 रोजी हे चित्र बदलले. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली 'फ्लायबिग' या छोट्या कंपनीने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली. केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. काही महिन्यांतच ती सेवा बंद पडली. पुढे 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोने गोंदिया-हैदराबाद-तिरुपती विमान सुरू केले. म्हणजे मधल्या सव्वा वर्षाहून अधिक काळ धावपट्टी होती, इमारत होती, सुरक्षा कर्मचारी होते आणि प्रवासी नेणारे विमान तेवढे नव्हते.

आमच्या वाचकांपैकी काहींना वाटेल, विमानाचा प्रश्न हा श्रीमंतांचा प्रश्न, घरगुती मासिकात तो कशाला? आता तसे राहिलेले नाही. भात गिरणीत, बिडी-तेंदूपत्त्याच्या व्यवसायात किंवा छोट्या दुकानावर पोट भरणाऱ्या घरांतूनही एखादा मुलगा आखातात नोकरीला असतो, मुलगी हैदराबाद किंवा बंगळूरला शिकत असते, घरातील बुजुर्गांना मोठ्या इस्पितळात न्यावे लागते. हज आणि उमरा तर आहेतच. वर्षातून एकदा का होईना, विमानाचे तिकीट आपल्या घरखर्चात येऊन बसले आहे.

त्यातच एक प्रसंग असा आहे की तो आला म्हणजे घरात कोणी हिशेब करीत नाही. घरात इंतकाल झाला की मय्यतीचे दफन शक्य तितक्या लवकर व्हावे अशी आपली शिकवण. परगावच्या मुलाला फोन जातो आणि तो तिकीट शोधू लागतो. महिनाभर आधी जे तिकीट चार-पाच हजारांना मिळाले असते त्यासाठी त्या रात्री दुप्पट-तिप्पट रक्कम मागितली जाते. विमान तेच, आसन तेच, इंधनही तेवढेच. फरक इतकाच की ज्याला थांबता येत नाही तो ग्राहक आज समोर उभा आहे. बाजाराच्या भाषेत याला मागणीनुसार भाडे म्हणतात. जनाजा घरी ठेवून वाट पाहणाऱ्या घरात त्याला काय म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग सरकारने भाडे ठरवून द्यावे काय? या प्रश्नाला आपल्या देशात मोठा इतिहास आहे आणि तो दोन्ही बाजूंनी शिकविणारा आहे.

जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून मुंबईपर्यंत टपालाचे विमान आणले, ही या देशातील विमानसेवेची सुरुवात. 1953 च्या कायद्याने सरकारने खासगी कंपन्या ताब्यात घेतल्या. देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशी सेवा एअर इंडियाकडे गेली. पुढची चाळीस वर्षे कोणते विमान कोठे जाईल आणि तिकीट किती असेल हे सरकार ठरवीत होते. भाडे स्थिर होते हे खरे, पण ते सामान्य माणसाच्या आवाक्यात कधीच नव्हते आणि बिरसीला त्या काळातही नियमित प्रवासी विमान लाभले नाही. जुन्या नियंत्रणाची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

1990 च्या दशकाच्या आरंभी दार किलकिले झाले. 1992 साली केरळच्या तकियुद्दीन वाहिद यांच्या कुटुंबाची 'ईस्ट वेस्ट एअरलाइन्स' सुरू झाली. मुक्त धोरणानंतर देशभर नियमित सेवा देणारी ती पहिली मोठी खासगी कंपनी मानली जाते. 1995 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वाहिद यांची हत्या झाली आणि पाठोपाठ कंपनीही संपली. दरम्यान 1994 साली 1953 चा कायदा रद्द झाला होता. 2003 मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची प्रथा पाडली आणि ज्यांनी कधी विमानात पाऊल ठेवले नव्हते ते लोक विमानतळावर दिसू लागले. हे श्रेय मुक्त बाजाराला दिलेच पाहिजे.

पण त्याच बाजारात किंगफिशर 2012 साली थांबली, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये. प्रत्येक वेळी प्रवाशांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. दुकाने कमी होत गेली आणि आज देशांतर्गत प्रवाशांपैकी सहा दशांशांहून अधिक लोक एकट्या इंडिगोने जातात.

त्याचा अर्थ काय होतो हे डिसेंबर 2025 मध्ये सर्वांनी पाहिले. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी यासाठीचे नवे नियम बऱ्याच आधी जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा नोव्हेंबरमध्ये लागू झाला. सर्वांत मोठ्या कंपनीकडे त्या हिशेबाने वैमानिकांची तजवीज नव्हती. एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर सामानाचे ढीग लागले आणि इतर कंपन्यांची तिकिटे भडकली. अखेर 6 डिसेंबरला सरकारने भाड्यावर कमाल मर्यादा घातली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 पर्यंत 12,000, 1,500 पर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000, कर वेगळे. त्याच वेळी विश्रांतीच्या नियमांतून त्या कंपनीला तात्पुरती सवलतही द्यावी लागली. आम्हाला यातील दुसरी गोष्ट अधिक चिंतेची वाटते. दुकानदार इतका मोठा झाला की तराजू तपासणाऱ्यालाच माघार घ्यावी लागली.

भाव ठरविण्याचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मदीनेत एकदा महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही. भाव कमी-जास्त करणारा अल्लाह आहे आणि कोणावरही अन्याय केल्याचा दावा शिरावर न घेता आपण त्याच्यासमोर जाऊ इच्छितो, असा त्यांच्या उत्तराचा आशय हदीसमध्ये आला आहे. मुक्त बाजाराचे समर्थक हे उदाहरण देतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच शिकवणीत साठेबाजी निषिद्ध आहे. बाजारात येणाऱ्या काफिल्याला शहराबाहेर गाठून, त्याला भाव कळण्याआधीच माल खरेदी करण्यासही मनाई आहे. चौदाव्या शतकात वारलेले दमास्कसचे विद्वान इब्न तैमिया यांनी 'हिस्बा'वरील आपल्या ग्रंथात याचा मेळ घातला. टंचाईमुळे भाव आपोआप चढले असतील तर व्यापाऱ्यावर सक्ती करणे हा जुलूम आहे. पण लोकांच्या गरजेची वस्तू मोजक्या हातांत असेल आणि ते अडवून भाव घेत असतील तर वाजवी भावाने विकायला लावणे हे शासकाचे कर्तव्य आहे, असे त्यांचे म्हणणे. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी विमाने नव्हती, तरी ही कसोटी आजही चालते: आधी पाहावे की समोर बाजार आहे की मक्तेदारी.

ही कसोटी हजच्या विमानांना लावून पाहा. बोटीने हजला जाणे 1995 साली बंद झाले आणि सर्व भार विमानांवर आला. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना ठरलेल्या विमान कंपन्यांनीच जावे लागे आणि भाड्यातील फरक सरकार अनुदान म्हणून भरीत असे. नाव हाजींचे होते, पैसा विमान कंपनीकडे जात होता आणि टोमणे मात्र आपल्या समाजाला ऐकावे लागत होते. खुल्या निविदा मागवा, अनुदानाची गरजच उरणार नाही, असे समाजातील अनेक जाणकार वर्षानुवर्षे सांगत होते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने हे अनुदान दहा वर्षांत संपवून पैसा समाजाच्या शिक्षणाकडे वळवावा असे सांगितले आणि जानेवारी 2018 मध्ये सरकारने ते बंद केले. त्यानंतरही प्रश्न सुटला असे नाही. 2024 च्या हजसाठी केरळमधील कोझिकोड येथून जे भाडे निविदेत आले ते शेजारच्या कन्नूर आणि कोचीच्या तुलनेत जवळपास दुप्पट होते. कोझिकोडच्या धावपट्टीवर मोठ्या विमानांना परवानगी नव्हती, त्यामुळे तेथे स्पर्धा फारशी झाली नाही. विदर्भातील हाजी नागपूरहून निघतात. आपल्या निविदेत किती कंपन्या उतरतात याकडे म्हणूनच लक्ष ठेवायला हवे.

आता पुन्हा बिरसीकडे येऊ. येथे अडचण उलट आहे. मोठ्या शहरांत एकाच दुकानदाराचे वर्चस्व आहे, तर लहान गावात दुकानदारच यायला तयार नाही.

हे जगभर घडते. अमेरिकेने ऑक्टोबर 1978 मध्ये कायदा करून विमानभाडे आणि मार्ग दोन्ही मोकळे केले. मुक्त बाजाराचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता देश. तरीही त्याच कायद्यात लहान गावांची विमानसेवा तुटू नये म्हणून सरकारी खर्चाची वेगळी तरतूद ठेवली, ती आजही चालू आहे. आपल्याकडे 1994 पासून असा नियम आहे की मोठ्या मार्गांवर उड्डाणे करणाऱ्यांनी ठराविक प्रमाणात ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान आणि लक्षद्वीपलाही सेवा द्यावी. पूर्व विदर्भ या यादीत बसत नाही.

'उडान' योजना यासाठीच आली. एप्रिल 2017 मध्ये तिचे पहिले विमान उडाले आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. तासाभराच्या प्रवासाला सुमारे 2,500 रुपये भाडे, विमानातील निम्म्या जागा या दराने, कंपनीला होणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून भरणार, इंधनावरील राज्याचा कर नाममात्र आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसरा स्पर्धक नाही. योजना कागदावर उत्तम आहे. 2023 साली महालेखापरीक्षकांनी तिची तपासणी केली. 774 मार्गांपैकी 403 मार्गांवर विमान उडालेच नव्हते. जे 371 सुरू झाले त्यांपैकी पूर्ण तीन वर्षे टिकले ते केवळ 112 आणि मदत संपल्यावरही चालू राहिले ते 54. नांदेडला विमान आणणारी ट्रूजेट कंपनीही पुढे बंद पडली. फ्लायबिगने गोंदिया सोडले हे म्हणूनच अपवादात्मक नव्हते.

आमच्या मते येथे चूक अशी झाली की सरकारने पैसे देऊन सेवा सुरू करून घेतली, टिकवून घेतली नाही. एसटीचा विचार करा. देवरी-सालेकसाच्या आडवळणाच्या गावाला जाणारी बस नफ्यात नसते, तरी ती जाते. कारण ती सेवा आहे हे आपण मान्य केले आहे आणि तिचा भार मोठ्या मार्गांवर व सरकारवर टाकला आहे. तिकिटाबाबतही, खासगी ट्रॅव्हल्सने एसटीच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये असा राज्याचा 2018 चा आदेश आहे. सणासुदीला तो कितपत पाळला जातो हे नागपूर-मुंबई-पुणे करणाऱ्यांनी आम्हाला सांगण्याची गरज नाही, तरी तक्रार करायला आधार आहे. विमानासाठी तेवढाही आकडा कायम लागू नाही. 1937 च्या विमान नियमांत खर्च आणि वाजवी नफा पाहून भाडे ठरवावे आणि ते अवाजवी वाटल्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हस्तक्षेप करावा अशी तरतूद आहे. ती वर्षानुवर्षे क्वचितच हलते. 2020 मध्ये कोरोनामुळे आणि 2025 मध्ये गोंधळामुळे मर्यादा आल्या, म्हणजे इच्छा असली की आकडा ठरविता येतो.

सर्व भाडी सरकारने ठरवावीत असे आम्ही म्हणत नाही. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर चार कंपन्या भांडत असतील तर भांडू द्यावे, ग्राहकाचे भलेच होईल. पण अखेरच्या दिवसाच्या तिकिटाला कायमची कमाल मर्यादा हवी. आणि गोंदियासारख्या ठिकाणी जी कंपनी सरकारी मदत घेते तिने सेवा मध्येच सोडली तर घेतलेली रक्कम परत करावी, पर्यायी कंपनी येईपर्यंत विमान चालवावे, अशी अट करारातच हवी. 2025 च्या अर्थसंकल्पात 'उडान' आणखी दहा वर्षे चालवून 120 नवी ठिकाणे जोडण्याचे जाहीर झाले आहे. नवी ठिकाणे जोडताना जुनी तुटणार नाहीत, हे आपल्या खासदार-आमदारांना विचारण्याची हीच वेळ आहे. जिल्ह्यातील व्यापारी मंडळे आणि अंजुमनांनी एकत्र निवेदन दिले तर त्याला वजन येईल.

तोवर घरातील मंडळींनी काही गोष्टी माहीत करून ठेवाव्यात. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर पूर्ण रक्कम परत घेणे किंवा दुसऱ्या विमानाने जाणे यांतील निवड प्रवाशाची असते, कंपनीची नव्हे. पुरेशी पूर्वसूचना न देता रद्द केले आणि कारण वादळ किंवा संपासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे नसेल तर प्रवासाच्या अवधीनुसार 5,000 ते 10,000 रुपयांपर्यंत भरपाईही मिळू शकते, मात्र ती मूळ भाडे आणि इंधन आकाराहून अधिक नसते. तिकीट काढताना स्वतःचा मोबाईल क्रमांक द्यावा. एजंटचा दिला तर सूचना त्याच्याकडे जाते आणि 'आम्ही कळविले होते' असे म्हणायला कंपनी मोकळी होते. विमान सहा तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल तरी पैसे परत मागता येतात. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी, तिची पोच जपून ठेवावी आणि उत्तर आले नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' या ॲपवर नोंदवावी. बिरसीहून निघणाऱ्या प्रवाशालाही हे सारे हक्क मुंबईच्या प्रवाशाइतकेच लागू आहेत.