किरणांचे ठोके मोजणारें यंत्र

मालेगांवांत यंत्रमागांच्या खडखडाटांत वाढलेल्या कारागिरास केवळ आवाजावरून मागाची प्रकृति ओळखतां येते. धोटा कोठें अडकला, सूत कोठें तुटलें, हें त्याला डोळ्यांआधीं कान सांगतात. किरणोत्सर्गाच्या बाबतींत मात्र कान, डोळे, नाक, त्वचा यांपैकीं एकहि इंद्रिय उपयोगी पडत नाहीं. तेथें मनुष्यास उसना कान घ्यावा लागतो, आणि तो उसना कान म्हणजे गायगर काउंटर.

या कानाच्या अभावीं काय घडतें याचा प्रत्यय सन २०१० च्या एप्रिल महिन्यांत दिल्लीच्या मायापुरी भागांतील भंगारबाजारांत आला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत १९८५ पासून पडून राहिलेलें गॅमा किरणांचें एक उपकरण लिलावांत विकलें गेलें होतें. त्याच्या पोटांत कोबाल्ट-६० होता. ज्यांनीं तें फोडलें त्यांच्या दृष्टीनें तो केवळ धातु होता. अनेकांस रुग्णालयांत जावें लागलें व एकाचा मृत्यु झाला. फोडण्याच्या जागीं मुठींत मावणारें एखादें यंत्र टकटक करीत असतें, तर मजुरांचे हात वेळींच थांबले असते. जुनें लोखंड व मोडकीं यंत्रें यांची रोज ने-आण करणाऱ्या प्रत्येक गांवास ही गोष्ट लागू आहे.

यंत्राची रचना सोपी आहे. हॅन्स गायगर यानें रदरफोर्डसमवेत १९०८ मध्यें मॅंचेस्टर येथें तिचा पहिला अवतार सिद्ध केला. पुढें १९२८ मध्यें वॉल्टर म्यूलर या आपल्या शिष्याच्या साहाय्यानें त्यानें तिला आजचें रूप दिलें. एक बंद नळी, तींत विरळ केलेला निऑनसारखा वायु, आणि मधोमध ताणलेली तार. तार व नळीची भिंत यांमध्यें सुमारें ४०० व्होल्टांचा दाब ठेवलेला असतो. किरण आंत शिरला कीं वायूच्या एखाद्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतो, तो तारेकडे धांवतांना दुसऱ्या अणूंस धडका देतो, आणि डोंगरावरून दरड कोसळावी तसा इलेक्ट्रॉनांचा लोंढा तारेवर येऊन आदळतो. तोच ठोका. नळींत मिसळलेला किंचित् ब्रोमीनसारखा वायु हा लोंढा क्षणार्धांत विझवितो व नळी पुढच्या किरणासाठीं तयार होते. किरण दुबळा असो कीं प्रबळ, ठोका सारखाच. म्हणून हें यंत्र किरण मोजतें. त्यांची शक्ति किंवा जात ओळखीत नाहीं.

नवें यंत्र हातीं आल्यावर प्रथम त्याच्या पुस्तिकेंत नळीचें नांव पाहावें. पडद्यावर दोन आंकडे दिसतात : एक दर मिनिटाच्या ठोक्यांचा, दुसरा मायक्रोसिव्हर्टांचा. पहिला आंकडा प्रत्यक्ष मोजलेला, दुसरा पहिल्यास एका ठराविक संख्येनें भागून काढलेला. ही संख्या नळीगणिक बदलते. रशियन बनावटीच्या एका प्रसिद्ध नळीसाठीं ती दीडशेंच्या आसपास धरतात. नळी बदलली आणि संख्या तीच राहिली, तर यंत्र बिनचूक ठोके मोजून चुकीचा हिशेब सांगेल. भागाकाराची ही संख्या बहुधा सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांवरून ठरविलेली असते. इतर पदार्थांसमोर, विशेषतः बीटा किरणांसमोर, मायक्रोसिव्हर्टांचा आंकडा अंदाजापुरताच घ्यावा.

त्यानंतरचें काम कंटाळवाणें आहे, आणि बहुतेक लोक तेंच टाळतात. यंत्र घरांतल्या एका ठिकाणीं, भिंतीपासून दूर, मेजावर ठेवून निदान दहा मिनिटें, शक्य तर तासभर, ठोके मोजावे व सरासरी टिपून ठेवावी. ही घराची पार्श्वभूमि. लहान नळीस ती मिनिटाला सुमारें वीस ठोके असते. मात्र एका मिनिटांत चौदा आणि पुढच्यांत सत्तावीस आले तर यंत्र बिघडलें असें समजूं नये. किरण येतात ते पावसाच्या थेंबांप्रमाणें, ठेका धरून नव्हे. वीस ठोक्यांत साडेचारांचा चढउतार स्वाभाविकच. म्हणजे शेंकडा बावीस. दहा मिनिटांच्या दोनशें ठोक्यांत तोच चढउतार चौदांचा, म्हणजे शेंकडा सात. धीर धरणाऱ्यास स्वस्त यंत्रहि बरेंच खरें सांगतें, आणि उतावळ्यास महागडें यंत्रहि फसवितें.

आंकड्याची भीति येथूनच सुरू होते. वीस ठोक्यांस दीडशेंनीं भागिलें असतां ताशीं ०.१३ मायक्रोसिव्हर्ट येतात. वर्षाचे ८,७६० तास धरले तर सुमारें १.१ मिलिसिव्हर्ट. सामान्य नागरिकासाठीं वार्षिक मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, हें कोठेंतरी वाचलेला गृहस्थ या गणितानें हादरतो. ती मर्यादा निसर्गाच्या वाट्यावर मनुष्याच्या उद्योगानें पडणाऱ्या भरीची आहे, आणि वैद्यकीय तपासण्या तींत धरीत नाहींत. निसर्गाचा वांटा जगाच्या सरासरीनें वर्षास सुमारें २.४ मिलिसिव्हर्ट आहे, व त्यांत श्वासावाटे जाणाऱ्या रेडॉन वायूचा भाग मोठा. मालेगांवची भूमि तर या बाबतींत सौम्य. मोसम व गिरणा यांच्या कांठचा काळा पाषाण दख्खनच्या लाव्ह्याचा. ग्रॅनाइटापेक्षां त्यांत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम कमी. त्याच देशांत केरळच्या मोनाझाइटयुक्त वाळूच्या किनाऱ्यावर पार्श्वभूमि कित्येक पट अधिक भरते, आणि तेथें पिढ्यान्‌पिढ्या लोकवस्ती आहे.

पार्श्वभूमि कळली कीं यंत्राची परीक्षा घ्यावी. त्यासाठीं कसमादे भागांतल्या शेतकऱ्याच्या घरीं एक साधन सहज सांपडतें : कांदा व डाळिंब यांस घालावयाचें पोटॅशचें पोतें. पोटॅशियमाच्या प्रत्येक ग्रॅमांत सेकंदास सुमारें ३१ अणु फुटत असतात. पन्नास किलोच्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्यें पोटॅशियम सुमारें २५ किलो, म्हणजे सेकंदास पावणेआठ लाख अणु. त्यांचे बहुतेक बीटा किरण पोत्यांतच जिरतात, म्हणून पोत्याला टेकविलेल्या यंत्राचे ठोके भयंकर वाढत नाहींत. पण दहा मिनिटांच्या मोजणींत फरक उघड दिसतो. दुसरें साधन अडगळींतल्या गॅसबत्तीची जुनी जाळी. तिच्या प्रखर उजेडासाठीं थोरियम वापरीत; अशी जाळी जवळ येतांच टकटक दाट होते. नव्या जाळींत तें असेलच असें नाहीं. जाळी पातळ पिशवींतच ठेवावी, जळालेली जाळी फुंकूं नये. तिची राख श्वासांत जाणें वाईट.

तिसरी परीक्षा आकाश घेतें. जमिनींतून निघालेल्या रेडॉनची संतति हवेंतल्या धुळीला चिकटते व पावसाबरोबर खालीं येते. जोराच्या सरीनंतर मोटारीचें छप्पर कागदानें पुसून तो कागद नळीपाशीं धरला तर ठोके वाढलेले आढळतात, आणि अर्ध्या तासानें ती वाढ जवळजवळ निम्मी होते. अणूंचें आयुष्य सरतांना प्रत्यक्ष पाहण्याचा याहून सोपा मार्ग नाहीं. अर्थात् ज्यानें यंत्र प्रथमच भर पावसांत चालू केलें, तो घाबरतो तें याच कारणानें.

घरोघरीं विचारला जाणारा प्रश्न कांद्याचा आहे. मनमाडपलीकडे लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ मध्यें ‘कृषक’ हें विकिरण केंद्र उभारलें. कांद्यास कोंब फुटूं नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात. मात्रा ९० ग्रे पर्यंत. असा कांदा व साधा कांदा आळीपाळीनें नळीपुढें धरावा : दोन्हींकडे पार्श्वभूमीच येईल. कारण कांद्याला कोबाल्ट शिवतच नाहीं, शिवतो तो किरण, आणि ११.७ व १३.३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या या किरणांस अन्नांतल्या अणूंचें गर्भ किरणोत्सारी करण्याइतकें बळ नाहीं. दिवा मालवल्यावर भिंत उजेड देत नाहीं, तसेंच हें. त्या कांद्याची चव कोणास रुचो वा न रुचो, तो वाद निराळा.

यंत्राच्या मर्यादाहि जाणल्या पाहिजेत. अल्फा किरण साध्या नळीची भिंत ओलांडीत नाहींत. त्यांच्यासाठीं अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते. पाण्यांत वा दुधांत मिसळलेला थोडासा दोष या यंत्रास कळत नाहीं. तें प्रयोगशाळेचें काम. सर्वांत घातक मर्यादा अशी कीं अतितीव्र किरणांत नळी एका ठोक्यांतून सावरण्यापूर्वींच दुसरा येतो, ती गुदमरते, आणि कांहीं यंत्रें शून्य दाखवितात. म्हणून संशयित वस्तूकडे यंत्र चालू ठेवून दुरूनच, हळूहळू जावें आणि ठोके चढूं लागतांच मागें फिरावें. लहान वस्तूपासूनचें अंतर दुप्पट केलें कीं तीव्रता चौथाई होते. वस्तु हातांत घेऊं नये, हलवूं नये, इतरांस दूर ठेवून पोलिसांस कळवावें. देशांतील किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेची देखरेख १९८३ मध्यें स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे.

मोजतांना यंत्रावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, म्हणजे धूळ नळीस लागत नाहीं. मोबाइल फोन शेजारीं ठेवूं नये. कवच उघडून नळीस बोट लावूं नये; तेथें चारशें व्होल्ट असतात. मोजणी झाल्यावर तारीख, जागा, हवामान व मिनिटें वहींत लिहावीं, आणि यंत्र कांहीं महिने ठेवून द्यावयाचें असल्यास विजेचे सेल काढून ठेवावे.