मूत्राशयाची दुर्बीण तपासणी : भीती कशाची आणि किती?

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडील खारपाणपट्ट्यात, लघवीच्या कोणत्याही तक्रारीचे खापर प्रथम खाऱ्या पाण्यावर फुटते. घाटावर ते उन्हाळीवर फुटते. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा सुरू होतो. दोन दिवसांत लघवीचा लाल रंग गेला की घर निश्चिंत होते. फसगत येथेच होते. पन्नाशीनंतर, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या लघवीतून वेदनेवाचून रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. आणि अशी गाठ एकदा रक्त देऊन कित्येक आठवडे गप्प बसते. दरवेळी कर्करोगच निघतो असे नाही. खडा, जंतुसंसर्ग, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हीही कारणे असतात. परंतु लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत दिसेलच याची खात्री नसते, म्हणून मूत्ररोगतज्ज्ञ आत दुर्बीण घालून पाहण्यास, म्हणजे सिस्टोस्कोपी करण्यास सांगतात.

‘दुर्बीण’ हा शब्दच ज्येष्ठांना धास्तावतो. १८७९ साली नित्झे या जर्मन डॉक्टरांनी व्हिएन्नात अशी दुर्बीण सादर केली, तेव्हा तिच्या टोकाशी तापलेली प्लॅटिनमची तार उजेड देई आणि ती थंड राखण्यास पाणी खेळवावे लागे. ती धास्ती त्या काळी रास्त होती! आजची लवचीक नळी पेन्सिलीहून बारीक असते.

आधी लघवीची तपासणी होते. जंतुसंसर्ग असल्यास तो बरा करून मगच पुढे जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे, हृदयातील कृत्रिम झडप यांची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. जागा बधिर करूनच तपासणी होणार असेल तर सहसा उपाशी राहावे लागत नाही. भूल द्यायची असेल तर राहावे लागते. हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

मूत्रमार्गात बधिर करणारी जेली सोडतात, काही मिनिटे थांबतात, मग नळी हलकेच आत सरकवतात. पुरुषांना प्रोस्टेटपाशी क्षणभर कळ येते. त्या वेळी दीर्घ श्वास घेऊन अंग सैल सोडावे. मूत्राशय निर्जंतुक पाण्याने भरतात, त्यामुळे लघवीची तीव्र भावना होते. ‘आता कपडे भिजतील’ या संकोचाने अनेक आजोबा आक्रसून जातात आणि त्रास वाढवून घेतात. ती भावना अपेक्षितच असते. लवचीक नळीने केवळ पाहायचे असेल तर सारे बहुधा पाच-दहा मिनिटांत आटोपते. आवश्यक तेवढाच भाग उघडा ठेवतात. आजींना सोबत परिचारिका हवी असल्यास तसे निःसंकोच सांगावे. गाठ दिसलीच तर ती काढण्यासाठी बहुधा वेगळा दिवस ठरवून भूल देतात.

नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ होते, रंग किंचित गुलाबी दिसतो. डॉक्टरांनी पाणी मर्यादित ठेवण्यास सांगितले नसेल तर भरपूर प्यावे. सोबत गेलेल्यांनी एक पथ्य पाळावे : अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला तपासणी झाली असेल, तर रुग्णाला एकदा मोकळी लघवी झाल्याखेरीज परतीच्या एसटीत बसवू नये. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी कधीकधी अडते, आणि मग मेहकरपर्यंतचा रस्ताही संपता संपत नाही. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडू लागल्या किंवा लघवी तुंबली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.