नासही तेव्हा पोरगाच होता!

'आताचे रॅपर म्हणजे नुसती बडबड!' ऑफिसच्या कॅबमध्ये हा डायलॉग मी इतक्यांदा मारलाय की परवा शेजारचा ज्युनिअर वैतागलाच. म्हणाला, 'सर, 'इलमॅटिक' आला तेव्हा तुमच्या नासचं वय किती होतं?' मी गप्प. साल १९९४, वय २०! न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला तोही तेव्हा नवा पोरगाच की!

घरी जाऊन केंड्रिक लमारचा २०१७चा 'डॅम' नीट ऐकला. २०१८मध्ये याला पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझबाहेरच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच! आणि ज्याला मी टाइमपास म्हणायचो, ते लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड'? मूळ गाणं दोन मिनिटांचंही नाही. पण रिमिक्सच्या जोरावर २०१९मध्ये 'बिलबोर्ड'च्या यादीत तब्बल १९ आठवडे पहिलं.

मग ट्यूब पेटली. टुकार रॅप १९९४मध्येही निघालंच असणार. आपण ते विसरलो, एवढंच. जुन्यांचं चाळून उरलेलं सोनं आणि नव्यांचा न चाळलेला ढीग, ही कसली तुलना? 'इलमॅटिक' माझ्यासाठी आजही बाप आहे. पण पुढचा 'इलमॅटिक' याच ढिगात असला, तर माझ्या हटवादापायी तो हुकायला नको.

उद्यापासून कॅबमध्ये इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. गाणं मात्र आळीपाळीनं!